बहिणीच्या लुगड्यातली

शहाद्याच्या तंबू टॉकीजमध्ये जुळ्या भावांचा सिनेमा लागला होता. एक भित्रा, एक दांडगट, आणि दोघांच्या घरांची अदलाबदल. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी जवळच्या प्रकाशा गावची एक बाई बसली होती. पडद्यावर विनोद व्हायच्या आधीच ती पदर तोंडात कोंबून हसायची.

"पाहिलाय वाटतं?" मी विचारलं.

"काल पाह्या," ती कुजबुजली. "सासू एकच डाव जाऊ देस. आज शेजारना घर देयेल मन्ही जुळी बहीणना नंबर व्हता, तिन्हा बदली मी उनू. लुगडं बी तिन्हंच शे. तिले सिनेमा आवडत नही. ती मन्हा घर भाकरी करी ऱ्हायनी."

"सासूबाईंनी ओळखलं तर?"

"आमनी मायले वळखू येत नही, ती काय वळखी!"

पण पडद्यावर भावांचं सोंग उघडं पडायची वेळ आली, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात मिरच्या निवडताना दिसली. चेहरा पार उतरलेला.

"कळलं की काय घरी?"

"नही ना! सासू म्हने, लगीन व्हयनं तव्हापासून काल पह्यल्यांदा भाकर चांगली लागनी. आते रोज तशीच कर."