प्रधानांच्या माळ्यावरचा टेस्टिंग फोन

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. जे मीटरवर दिसत नाही ते नाही, असं मुलांना एकवीस वर्षं सांगत आलेय. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

राहायला आम्ही कोपरीत, ठाणे पूर्वेला. जातीने कोळी, आजोबांची खाडीवर होडी. माझे बाबा, हिराजी, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. घरातले पहिले सरकारी नोकर. एक दिवस एक्स्चेंजमधून अवजारांची पिशवी गायब झाली आणि सुपरवायझर प्रधानांनी लिहून दिलं, की हिराजीला ती घेऊन जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा सस्पेंड झाले. चौकशी रखडली. ज्यांच्या घरी बाबांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन फोन चालू करून दिलेले, ती माणसं रस्ता बदलायला लागली. निकाल लागायच्या आधीच बाबा हार्ट अटॅकने गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. प्रधान हे नाव तेव्हापासून दातात अडकल्यासारखं माझ्यासोबत आहे.

गेल्या जानेवारीत वृषाली नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅम, सासऱ्यांच्या माळ्यावर जुन्या टेलिफोनची हत्यारं सापडलीत. सोसायटीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. कशाचा काय उपयोग ते सांगाल? मी व्हिडिओ करते." रविवारी सकाळी अकराला मी डोंबिवलीला तिच्या घरी गेलेले. नवरा पुण्याला होता. सासरे आत आंघोळीला.

तिने हॉलमध्ये पेपर पसरून सगळं मांडलेलं. मी एकेक उचलून सांगत होते. हे टोकाला खाच असलेलं पातं, रिलेच्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या स्विचच्या, पत्र्या वाकवून नीट करायला. ही कागदासारखी पातळ कानस, पत्र्यांचे काँटॅक्ट घासायला. हा घड्याळासारखा दिसतो तो पत्रीचा ताण मोजायला. हे हँडल फिरवायचं खोकं म्हणजे मेगर, केबलचं इन्सुलेशन तपासायचं.

"आणि हा फोन?"

"लाइनमन कमरेला लटकवायचे. खांबावर चढून हे दोन चिमटे तारेला लावायचे आणि..."

बोलता बोलता मी तो उलटा केला. फोनची मूठ तडकलेली होती आणि तिच्यावर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला. शेवटची गाठ जाळं विणताना मारतात ती. लहानपणी ती गाठ मी बाबांच्या मांडीवर बसून शिकलेय.

"वृषाली, तुझं सासरचं आडनाव काय गं?"

"प्रधान, मॅम. का?"

तेवढ्यात म्हातारा बाहेर आला. ऐंशीच्या पुढचा, गोरापान, पावडर लावलेला. मी कोण ते मी सांगितलं नाही. आवाज गोड ठेवला.

"काका, हा कसा वापरायचे ते दाखवा ना व्हिडिओसाठी."

त्याला बाबांच्या फोनला हात लावायला लावायचा, आणि मग तोंडावर बाबांचं नाव फेकायचं, एवढंच डोक्यात होतं.

आता लक्षात घ्या, या फोनला स्वतःची पॉवर नसते. करंट लाइनमधून येतो. त्या घरात लँडलाइनच नव्हती, चिमटे हवेत लोंबत होते. म्हाताऱ्याने हसत कानाला लावला. "हॅलो, टेस्टिंग..."

आणि हसू तसंच चेहऱ्यावर गोठलं.

"कोण? ... हो. हो हिराजी, ओळखला ना तुझा आवाज." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "मीच घरी नेऊन ठेवली रे पिशवी. साहेबांसमोर तू मला खोटं पाडलंस... केबलची चूक माझी होती, हेही खरं. पण चारचौघांत सांगायला नको होतंस."

वृषालीच्या हातातला मोबाईल चालूच होता. मी उठून म्हाताऱ्याच्या कानाजवळ कान नेला. काही नाही. पार मेलेला फोन.

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर शुद्ध पुस्तकी बोललेला माणूस, आणि तोंडातून आमची भाषा निघाली. "बाय, हाताचा चटका बरा झाला का गो? तो विचारतोय."

बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी सोल्डरिंग आयर्नने माझं मनगट भाजलं होतं. आई ओरडेल म्हणून मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायचे. बाबांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. कुणालाही.

मी उत्तर दिलं नाही. आज त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. बाबा माझ्या हाताची चौकशी करत होते आणि मी म्हाताऱ्यापुढे कागद सरकवत होते. "हिराजीची मुलगी मी. आत्ता जे बोललात ते लिहा. खाली सही करा."

त्याने लिहिलं. एका हाताने फोन कानाला धरून.

त्या कागदाच्या झेरॉक्स मी पेन्शनरांच्या ऑफिसात भिंतीवर लावल्या. कोळीवाड्यात घरोघर दिल्या. व्हिडिओ खात्याच्या जुन्या माणसांच्या ग्रुपवर टाकला. रोज संध्याकाळी बाकावर प्रधानांसोबत बसणारे चौघे दुसऱ्या बाकावर बसायला लागले, हे कळल्यावर मी घरात पेढे वाटले. लाज वाटत नाही सांगायला.

म्हातारा आता रिकामा हात कानाला लावून दिवसभर "हो हिराजी, हो" म्हणत असतो. जेवताना एका हाताने जेवतो. डॉक्टर म्हणतात वय आणि मनावरचं ओझं. असेल. पण चटक्याचं त्याला कुणी सांगितलं? तो व्हिडिओ मी लॅबमध्ये हेडफोन लावून पन्नासदा ऐकला. त्याच्या दोन वाक्यांमध्ये पंख्याच्या आवाजाशिवाय काही नाही.

वृषाली रडत म्हणाली, "मॅम, एकदा येऊन नुसतं 'माफ केलं' म्हणा. कदाचित थांबेल."

कदाचित थांबेलही. काल तिचा पुन्हा फोन आला होता. मी उचलला नाही.