बोलणं मोजलं तेव्हा

आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी धुळ्याबाहेर एक आश्रम आहे. तिथं प्रमिलाबाईंइतकं चोख काम कुणाचंच नव्हतं. बाई मूळच्या पाचोऱ्याच्या. त्यांच्या मजल्यावर कुणी ओल्या कपड्यांत राहत नसे, पडून पडून कुणाची पाठ सोलवटत नसे.

तिथल्या भिकुबाई रोज सकाळी विचारायच्या, "मना वना उना का?"

वना त्यांचा मुलगा; तो आला का, हे त्यांचं रोजचं विचारणं. मागेच ट्रकखाली गेलेला.

"तुना वना मरी गया," प्रमिलाबाई वेणी घालता घालता सांगायच्या.

भिकुबाईंना ते रोज नव्यानंच कळायचं. ऊर बडवून त्या रडायच्या, थकायच्या आणि मग समोरची पेज मुकाट गिळायच्या. येईल म्हटलं की दारात जाऊन बसायच्या, घासाला शिवायच्या नाहीत. प्रमिलाबाईंनी दोन्ही करून पाहिलं होतं.

एकदा कॉलेजातून हेमांगी नावाची मुलगी आली. इथली माणसं म्हाताऱ्यांशी कसं बोलतात, चांगलं की वाईट, हे तिला मोजायचं होतं. भिकुबाईंचं रडणं ऐकून ती जागची उठली.

"मावशी, रोज नव्यानं मारता तुम्ही त्यांच्या मुलाला."

"मग खोटं बोलून उपाशी ठेवू?"

"जवळ बसा ना. वना कसा होता, ते विचारा."

"बठ्ठ्यांच्या, साऱ्या मजल्याच्या आंघोळी कोण घालणार? तू?"

हेमांगीनं व्यवस्थापक पितांबरभाऊंच्या कानावर घातलं. म्हाताऱ्यांजवळ बसायला तिनं आणखी एक बाई मागितली. ती काही मिळाली नाही. प्रमिलाबाईंना मात्र बोलावणं आलं.

"पुन्हा वाईट बोललात तर घरी बसा," भाऊ म्हणाले.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. आंघोळ, वेणी, पेज, सगळं चोख, पण तोंडातून शब्द नाही. नोकरीच्या धाकानं बाकीच्या बायाही गप्प झाल्या. भिकुबाईंनी विचारलं की प्रमिलाबाई त्यांची हनुवटी धरून मान सरळ करायच्या आणि कंगवा फिरवायच्या.

हेमांगी पुन्हा मोजायला आली, तेव्हा वाईट बोलणं एकही निघालं नाही.

"बघा, किती सुधारणा," पितांबरभाऊ म्हणाले.

"भाऊ, चांगलंही काही नाही. इथं कुणी बोलतच नाही."

"वाईट नाही ना? झालं तर."

हिवाळ्यापर्यंत भिकुबाईंनी वनाला विचारणं सोडलं. मग पाणी मागणंही सोडलं. चमचा ओठाला लागला की तोंड उघडतात.

प्रमिलाबाईंची सकाळची कामं आता लवकर उरकतात.