दोनच सीटांची गाडी

स्वारगेटवर साताऱ्याच्या एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की या प्रवासात कशालाही उत्साह दाखवायचा नाही. वय पन्नाशीला टेकलेलं, कंबर धरलेली, फाल्गुनातलं ऊन सकाळी आठलाच चटके देणारं, आणि आम्ही निघालो होतो कशाला, तर शर्यतीची गाडी विकत घ्यायला.

पैशाची अडचण नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांनी उगाच हळहळू नये. यांनी छापखान्यातला आपला हिस्सा भागीदाराला देऊन टाकला होता. मुली आपापल्या घरी सुखात होत्या. आणि यांच्या मनात एकच भरलं होतं, शनिवार-रविवारी फिरवायला जोरदार इंजिनाची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. बाहेरून गाड्या येणं कधीच बंद झालेलं. पण संस्थानं गेली तशा त्यांच्या गाड्या सातारा-सांगलीकडच्या बागाईतदारांच्या दारात जाऊन बसल्यात, अशी बातमी यांना कुणी तरी दिली होती, आणि सोबत तीन पत्ते.

आमचं घर एकत्र. धाकटे दीर म्हणाले, "पेट्रोल एवढं भडकलंय आणि दादाला आता हत्ती पाळायचाय." जाऊबाईंनी विचारलं, "किती माणसं बसतात हो त्यात?" हे म्हणाले, "दोन." त्यावर जाऊबाईंनी वाढायचा डाव तसाच पातेल्यात ठेवून दिला. आमच्याकडे मोटार म्हणजे किमान सात माणसं, दोन लोणच्याच्या बरण्या आणि मांडीवर कुणाचं तरी पोर. घरची मोटार त्या दिवशीही पुतण्याच्या सासरकडच्या पाहुण्यांना आळंदीला घेऊन गेली होती, म्हणून तर आम्ही एस.टी.त.

शिरवळला गाडी थांबली. चहा गोड मिट्ट होता आणि बशीत धूळ होती. पुढे खंबाटकीचा घाट लागला तशी मी नेहमीप्रमाणे लिंबू काढलं आणि हुंगत बसले. त्या वळणांवर मी यांना म्हटलं, "अहो, चार माणसांची घेतली असती तर घरात कुणी तोंड वाकडं केलं नसतं."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला दोनच सीटांची हवीय. तिसरं माणूस बसूच शकणार नाही अशी."

"का?"

"लग्नाला एवढी वर्षं झाली. आपण दोघंच असे कुठे गेलोय, आठवतं का सांग."

मी आठवायला लागले. बराच वेळ आठवत होते. "तुमच्या अपेंडिक्सच्या वेळी, दवाखान्यात," मी म्हटलं.

"तेव्हाही येताना बापूकाका होते टांग्यात."

मला एकदम गलबलून आलं. इतकी वर्षं या माणसाच्या मनात हे होतं आणि मी समजत होते की याला म्हातारचळ लागलाय. पण एस.टी.त शेजारी कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई होती आणि घाट अजून संपायचा होता. मी नुसतीच यांच्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा लिंबू हुंगलं.

साताऱ्याचा पत्ता एका निवृत्त कॅप्टनसाहेबांचा होता. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाल रंगाची, बुटकी, देखणी गाडी उभी. साहेबांनी बॉनेट उघडून दाखवलं, इंजिन चालू केलं, दोन कार्ब्युरेटर कसे एका सुरात ठेवायचे ते समजावलं. मग चहा झाला. मग बर्माच्या आघाडीच्या गोष्टी झाल्या. मग पुन्हा चहा. ऊन कलायला लागलं तेव्हा यांनी भीत भीत व्यवहाराचं काढलं.

"विकायची? छे हो!" कॅप्टनसाहेब म्हणाले. "गाडी विकणे आहे म्हटलं की माणसं येतात. बसतात, बोलतात. नाही तर इथे कोण येतंय?"

राग यायला हवा होता, पण आला नाही. निघताना त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला आणि फाटकापर्यंत पोचवायला आले. आम्ही स्टँडवर येऊन कऱ्हाडची गाडी धरली.

कऱ्हाडला जे बघितलं त्याबद्दल फार लिहायला नको. गॅरेजवाल्यानं साधीसुधी चार दारांची मोटार घेऊन तिचं छप्पर करवतीनं उडवलं होतं. "लय पळती सायेब," तो म्हणाला, "वारा असा लागतोय तोंडाला!" वारा लागणारच. यांनी दारावर हात ठेवला तर काठ बोटाला लागून रक्त आलं. मी रुमाल बांधला आणि आम्ही सांगलीच्या एस.टी.त बसलो. लॉजमध्ये पंखा होता, पण तो फक्त आवाजापुरता. माझ्या कंबरेनं तर केव्हाच हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाकाठच्या एका गावात गेलो. भूपालअण्णा म्हणजे जैन बागाईतदार, ऊस आणि हळद करणारे, डोक्याला पांढरी टोपी, आवाज खणखणीत. गाडी गोठ्यात, म्हशींच्या शेजारी, ताडपत्रीखाली होती. ताडपत्री ओढली आणि हे जागच्या जागी उभे राहिले. गडद हिरवा रंग, लांबलचक बॉनेट, तारांची चाकं, कातडी बैठकीच्या दोन जागा. सहा सिलिंडरचं इंजिन.

"संस्थानातनं घ्येतली," अण्णा म्हणाले. "पर पेट्रोल वाढलं तवापास्नं झाकूनच ठिवलीया. हिला पाजू का मळ्यातल्या पंपाला त्याल घालू, तुमीच सांगा."

अण्णांनी चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं तशा सगळ्या म्हशींनी माना वर केल्या. अण्णा यांना शेजारी बसवून नदीच्या रस्त्यानं घेऊन गेले. परत आले तेव्हा यांचे केस उभे राहिलेले, चष्म्यावर धूळ, आणि तोंडभर हसू. बोहल्यावरसुद्धा मी यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

सौदा लांबला नाही. जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि वर घट्ट दही. हात धुऊन हे गाडीकडे निघाले, तर अण्णांच्या मंडळींनी, आक्कांनी, वाट अडवली. हातात हळदकुंकवाची पंचपाळी.

"तुमी न्हवं," आक्का यांना म्हणाल्या. "ताईंच्या हातात द्याची. आमच्या घरातनं जनावर जातंय त्ये घेणाऱ्याच्या घरधनिणीच्या हातात. येशीपतुर (गावाच्या वेशीपर्यंत) तिनंच न्ह्यायचं. रोजचा हात तिचा लागणार न्हवं!"

"अहो, पण ही काही दुभती नाही," हे म्हणाले.

"पेट्रोल पिती न्हवं? खाणारं-पिणारं त्ये जनावरच."

"आक्का, मला गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं.

"म्हशीला तरी पयल्या दिशी कुटं येतंय? सवय हुती."

मी अण्णांकडे पाहिलं. हा माणूस तरी बायकोला काही सांगेल असं वाटलं. पण ते चक्क मागे सरले होते. अशा गोष्टीत घरात कुणाचं चालतं हे दिसतच होतं. आक्कांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, वर चिमूटभर साखर ठेवली आणि चावी माझ्या हातात दिली. मी पदर खोचून त्या बुटक्या जागेत कशीबशी उतरले. हे शेजारी बसले. डावा पाय दाबायचा, मग हळू सोडायचा. मी सोडला आणि गाडीनं बेडकासारखी उडी मारून जीव टाकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र ती गुरगुरत निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि गावाच्या वेशीपर्यंत गेली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

वेशीपाशी जागा बदलली. आता सरळ पुण्याला. पण दोन वळणं झाली नाहीत तोच पुढे साखर कारखान्याच्या बैलगाड्यांची रांग लागली. रस्ता अरुंद, बाजूला पाट. दहा हात पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा दहा हात. दर वेळी तो क्लच दाबायचा. मी यांच्याकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक. मग एकदा पाय दाबलाच गेला नाही. गाडी पुढच्या गाडीतल्या उसावर जाऊन टेकली आणि बंद पडली.

गाडीवान उतरून आला. "काय झालं? गाडी बसली व्हय?"

मागचा गाडीवान यांच्याकडे बघून ओरडला, "गाडी न्हाई गड्या, सायेब बसल्यात!"

हे गुडघा धरून बसले होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघा पार झिजलाय. वाटलं, शनिवार-रविवारपुरता तरी साथ देईल." मग अगदी हळू म्हणाले, "परत करून टाकू. चूकच झाली माझी."

एवढ्या वर्षांत या माणसानं स्वतःसाठी मागितलेली ही एक गोष्ट. ती अशी उसाच्या रांगेत, पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) ढिगात संपलेली बघून मला रडूच आलं. मी उघड रडले. दोन्ही गाडीवान दुसरीकडे बघायला लागले.

रांग काही हलत नव्हती, म्हणून मागच्या गाडीवानानं आपले बैल सोडले आणि सोल (जाड दोर) लावून मोटारीला जुंपले. गाडी अण्णांच्या गावाकडे वळवली आणि स्वतः बैलांपुढे चालू लागला. यांना पाय दुमडवेना, म्हणून स्टिअरिंग मी धरलं. पुढे दोन बैल, मागे सहा सिलिंडर आणि आम्ही दोघं. बैलांच्या चालीनं चाललो होतो. दोन्हीकडे उभा ऊस होता.

अण्णांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "पैसं माघारी पायजेत व्हय?" त्यांनी विचारलं. "दिऊ की. त्यात काय."

हे मान हलवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "नको. मी शिकते."

माझाच आवाज मला ओळखू येईना. हे माझ्याकडे बघत राहिले.

आक्का म्हणाल्या, "मंग जनावर हितंच र्‍हाऊ द्या. शनवारी या दोगंबी."

मिरजेहून रेल्वेनं परतलो. डब्यात बूड टेकायला जागा नव्हती. घरी पोचलो तेव्हा सगळे दारात गाडी बघायला जमले होते. "गाडी सांगलीलाच आहे. ही शिकतेय," हे म्हणाले. पुढचा आठवडाभर आमचं घर माझ्यावर हसत होतं.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही सांगलीला जातो. तीच गर्दी, तीच दुखरी कंबर, लॉजचा तोच पंखा. घरातलं कुणी बरोबर येत नाही. म्हशींच्या गोठ्यात बसून वहिनीच्या उड्या बघायला एवढ्या लांब कोण येईल! सोमवारी दमून भाकऱ्या थापताना मला वाटतं, पुरे झालं आता. आणि बुधवारपासून मी शनिवारची वाट बघायला लागते.

गेल्या शनिवारी मी तासगावपर्यंत गाडी नेली आणि आणली. लायसन्ससुद्धा झालंय. हे शेजारी बसून ओल्या शेंगा सोलत होते, एक मला, एक स्वतःला. जाऊबाई मात्र अजून विचारतात, "कधी आणणार हो गाडी? आणलीत की सगळे मिळून महाबळेश्वरला जाऊ, मागे कसेतरी बसू." हे गंभीर चेहरा करून म्हणतात, "बघू. हिला अजून क्लच जमत नाही."

मी मान खाली घालून म्हणते, "नाही ना जमत."