सशाच्या कानांतला उजेड

चंदनबाला, कोयनानगरला लेकाकडे राहायला गेलीस आणि फोन उचलायचं विसरलीस, म्हणून हे लिहिते आहे. आधी एक सांग, तिथल्या धुक्यात ससे दिसतात का? दिसत असतील तर एकटीच बघत बसू नकोस, कळव.

इथं तुझी वेळ झाली की मी अजून खिडकीशी येते. तुमच्या जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. गावात इतरांच्या चुली पेटत तेव्हा तुझी भांडी घासून पालथी पडलेली असायची. तुझ्या लेकानं, जिनेशनं टाकून दिलेला कॅमेरा पदराखाली धरून तू बांधावर निघायचीस. बाकीच्या बायकांना ती वेळ कधी मिळालीच नाही. तुला मिळाली, ती तू सशांना दिलीस.

"नुसतं गवत तर दिसतंय," पहिला फोटो बघून मी म्हणाले होते.

"अक्का, तुमी लय घाईत बघता. हाय की त्यो तिथं."

होताही. मातीच्या ढेकळाला डोळा फुटावा तसा.

एकदा मलाही घेऊन गेलीस. मी दोनदा खोकले, सारखं घड्याळ पाहिलं. ससा काही आला नाही. "तुमच्यासंगं बसलं तर दगडसुदीक उठून जाईल," म्हणालीस. खरंच होतं. राग आला तो वेगळा.

मग शेजारच्या हंबीररावांच्या उसाला तोड आली. त्या फडात कानाला खाच असलेला तुझा ससा होता. ऊस कमी होत जातो तसा ससा आत आत सरकतो, आणि शेवटच्या सऱ्या उरल्या की गावातली रिकामटेकडी मंडळी कुत्री घेऊन भोवती उभी राहतात. तुला हे ठाऊक होतं. त्या दिवशी तू जेवायलाही थांबली नाहीस. सूर्य बुडाला की सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही, तरी जाऊन उरलेल्या सऱ्यांच्या तोंडाशी मांडी घालून बसलीस.

"आवं वैनी, उठा. ट्रॅक्टर खोळंबलाय," हंबीरराव म्हणाले.

"खोळंबू दे."

"सशापायी? पलटणीत आमी साहेबासाठीबी एवढं थांबलो न्हाई!"

"मग आता थांबा. आदी ती कुत्री हाकला."

मी बांधावरून ओरडले, "चंदनबाला, पुरे झाला तमाशा!" तू वळूनही बघितलं नाहीस.

हंबीररावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग कुत्रेवाल्यांवर असे काही गरजले की कुत्र्यांच्या आधी माणसं पळाली. तोडकरी कोयते ठेवून तंबाखू मळत बसले.

मग सगळं निवत गेलं. उसाचे तुरे तांबूस झाले. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर धूर जमिनीलगत पसरला. मला वाटलं, आपण सगळे कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत. तेवढ्यात पाचट हललं. तो बाहेर आला, तुझ्या गुडघ्यापासून हातभरावर थांबला. त्याच्यामागं सूर्य टेकला होता. कॅमेऱ्यावरचं तुझं बोट एकदाच हललं, आणि तो मोकळ्या माळाकडे निघून गेला.

फोटोत ससा असा नाहीच. काहीतरी करडं, हललेलं, आणि वर दोन कान, आरपार गुलाबी. कोयनानगरला जाताना कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात दिलंस. "सांगलीत मोठा करून घ्या अक्का. हंबीररावास्नी द्या. म्हणावं, तुमच्याच रानातला हाय."

गेले की मी. स्टुडिओतल्या पोरानं संगणकावर खटाखट काहीतरी केलं आणि म्हणाला, "आजी, कानावरचे डाग काढून टाकलेत." गुलाबी सगळं गेलं होतं! "अरे, तो उजेड आहे," मी म्हटलं. त्याला काही दिसेना. मी कार्ड उचललं आणि बस धरली.

फड पुन्हा डोक्याएवढा झालाय. हंबीरराव वाटेत गाठतात, "बाई, आमचा ससा कवा येतोय?"

येतोय, म्हणते मी. कार्ड चष्म्याच्या डबीत आहे.