न्हाणीचा मागला कोपरा

“त्या कोपऱ्यात कुदळ घालू नगंस, कुशाबा. माज्या तिन्ही पोरांची वार तितं पुरलीया.”

कुशाबा गवंडी दोरी धरून उकिडवा बसला होता. त्यानं वर बघितलं. “वैनी, कोपरा सोडून फरशी कशी बशिवू? न्हाणी केवडी? म्हस आत घातली तर श्येपूट भाईर ऱ्हाईल.”

साळूबाई हसली नाही. एरवी हसली असती.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या सालचा उन्हाळा. कोळवणच्या त्या घरात मागल्या पडवीला लागून न्हाणी होती. मातीची जमीन, बसायला चपटा दगड, संपलं. बाळंतपण झालं की बाळामागून पडणारी वार त्याच कोपऱ्यात पुरायची आणि बाळबाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तिच्यावर पडायचं. साळूबाईची तिन्ही बाळंतपणं तिथलीच. थोरला हैबतराव, धाकटी लेक ताम्हिणीला दिलेली, आणि मधला पाचवी पुजायच्या आधीच गेला. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. त्याचं म्हणून दाखवायला घरात दुसरं काहीच नव्हतं.

हैबतराव खडकीच्या कारखान्यात. गेल्या महिन्यात त्याची पोटुशी बायको न्हाणीतल्या चिखलात घसरली. पोटातलं वाचलं, पाय मुरगळला. पुढल्याच सुट्टीत त्यानं पौडावरनं बैलगाडीभर शहाबादी फरशी आणून दारात उतरवली. त्याचं चुकलं म्हणायला साळूबाईला तोंड नव्हतं. सून तिच्या डोळ्यांदेखत पडली होती.

कुशाबानं फरश्या आधी कोरड्याच मांडून बघितल्या. दारापासून अख्ख्या, तुकडे मागं.

“उलटं मांड,” साळूबाई म्हणाली. “अख्ख्या तिकडनं घे आन त्या कोपऱ्याला मोरी ठिव. पानी तिकडंच जाऊ दे, आजवर गेलं तसं.”

“आजवर जात न्हवतंच, वैनी. मुरत व्हतं. भिताडामागं टेकाड हाय. तितं मोरी काढली तर डोंगराचं पानी आत यील, तुमाला न्हाऊ घालाया.”

तिनं ऐकलं नाही. घागर उचलली आणि मागं जाऊन भिंतीच्या बुडाशी ओतली. पाणी जरा थबकलं आणि घराकडंच वळलं. हे तिला काय ठाऊक नव्हतं? दर आषाढात तिथं चर मारायची ती तीच.

“मंग येका फरशीची जागा तरी मोकळी सोड.”

“सोडली असती. पर तितनं पानी खाली गेलं की बाकीच्या फरश्या खचत्याल. सूनबाई पुन्ना आडवी.”

“आई,” हैबतराव दारातनं म्हणाला, “औंदाचं बाळंतपन पुण्याला दवाखान्यात व्हनार. वार त्येच टाकत्यात. हितं आता कोन काय पुरनार हाय?”

“कुटं टाकत्यात?”

“टाकत्यात कुटंतरी.”

सून पडवीत पाय लांब करून तांदूळ निवडत होती. ती काही बोलेल म्हणून साळूबाईनं वाट बघितली. सुनेनं एक खडा वेचून अंगणात टाकला.

“खाली वीतभर खडी भरायची, वैनी. उकरावं तर लागंलच,” कुशाबा म्हणाला. त्याच्या घरीही असलीच न्हाणी होती. “तुमी म्हनाल तवा.”

“मी म्हनून काय हुतंय? घाल.”

कुदळ बसली. माती काळी, मऊ, इतक्या वर्षांच्या पाण्यानं ओलसर. साळूबाई वाकून बघत राहिली. एक गांडूळ निघालं, खापराचा तुकडा निघाला. बाकी नुसती माती. कुठली कुणाची, सांगायची सोय नव्हती.

पाटी भरली. “ही कुटं वतायची?”

“उकिरड्यावं,” हैबतराव म्हणाला.

“माज्या डोस्क्यावं दे,” साळूबाई म्हणाली.

वरल्या भातखाचराच्या बांधाला खेकड्यांनी पोखरून खांड पाडलं होतं. पाऊस लागायच्या आत बुजवायचं ते काम तसंच पडलं होतं. तिनं चुंबळ बसवली, पाटी घेतली आणि चार पावलं जाऊन मागं न बघताच ओरडली,

“दुसरी भरून ठिव रं. येका पाटीनं खांड बुजायचं न्हाई.”