भिंतीची बाहेरची बाजू

दगडी भिंतीला दोन तोंडं असतात. एक गवंडी आत बसतो, एक बाहेर, आणि थोड्या थोड्या अंतरावर दोघं मिळून एक लांब दगड आरपार घालतात. तो चुकवला तर भिंत काही वर्षं उभी राहते आणि मग दिवस भरल्यासारखी फुगते.

म्हाताऱ्या गवंड्याने आपल्या दोन लेकांची अशीच जोडी लावून दिली होती. थोरला आत, धाकटा बाहेर. धाकट्याचा हात इतका सरळ, की भिंतीची सरळ रेष बघायच्या वजनाच्या दोरीवरून लोक त्याला ओळंबाच म्हणत. तिशीत ओळंब्याने येशूच्या नावाने बाप्तिस्मा घेतला आणि घर हादरलं.

"तो येशू तरी सोड, नाहीतर हा उंबरा," बाप म्हणाला.

"आबा, उंबरा तुमचा. तुम्ही म्हणाल तसं. पण त्याला धरलंय ते सुटायचं नाही."

"मग घरात पाऊल दिसता कामा नये."

चौदा वर्षं दिसलं नाही. थोरल्याने जोडी मोडली. एकट्या गवंड्याला मोठं काम कोण देणार? ओळंबा हौद बांधी, कुंपणं रचे. कामावरचे गवंडी टोमणे मारत, "तुझा देव तर सुतार! गवंडीकाम कुणाकडून शिकलास?"

"पाया खडकापर्यंत न्यावा, हे त्यानेच सांगितलंय," तो हसून म्हणे.

एकदा बायको वैतागली. "तुमच्या येशूने दिलं काय तुम्हाला? पाठदुखी?"

"झोप दिली. पडलो की लागते."

हे खरंच होतं. पण डोळा लागण्याआधी रोज तो बापासाठी प्रार्थना करायचा, आणि त्या उंबऱ्याची ओढ काही कमी व्हायची नाही.

मग बापाच्या घराची मागची भिंत फुगली. थोरल्याचं मनगट मोडलेलं. दुसरा गवंडी बोलवा म्हटलं की म्हातारा अंगावर यायचा. एका सकाळी ओळंबा हत्यारं घेऊन मागच्या गल्लीत उभा राहिला.

खिडकीतून बाप खेकसला, "कुणी बोलावलं तुला?"

"कुणीच नाही."

"आत पाऊल टाकलंस तर..."

"बाहेरची बाजू गल्लीत येते, आबा. गल्ली काही तुमची नाही."

खिडकी धाडकन लागली. ओळंब्याने छपराच्या वळचणीला बाहेरून टेकू दिले, बाहेरच्या तोंडाचे फुगलेले दगड उतरवले आणि हात थबकला. अख्ख्या भिंतीत एकही आरपार दगड नव्हता. ही भिंत तरुणपणी बापानेच घाईत उठवलेली. दुसरा गवंडी का नको होता, ते आता कळलं. ज्याने सगळ्या गावाला आरपार दगड शिकवला, त्याच्याच घरात तो नव्हता.

ओळंबा कुणाला काही बोलला नाही. नव्याने रचत गेला. तिसऱ्या दिवशी भिंत छातीला आली, तेव्हा आतून ठकठक ऐकू आली. आतल्या तोंडातला एक दगड आत सरकला आणि भोकातून बापाची वाकडी बोटं दिसली.

"लांब दगड सरकव," बाप म्हणाला. "हळू, बैला! माझ्या बाजूला बोटभर उतार आहे."

दोघांनी तो बसवला. एवढ्यात गल्लीतून टोमणेवाले गवंडी आले.

"काय ओळंब्या, उस्तादाची भिंत फुगली कशी?"

ओळंब्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि बापाला उघडं पाडायचं नव्हतं. तो थापीवरचा चुना पुसत बसला.

"मी आरपार दगड घातले नव्हते," आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. "माझा धाकटा घालतोय. उभेच आहात तर बघा आणि शिका जरा!"

गवंडी पुढे सरकून तो दगड बघू लागले. ओळंब्याने मान वर केली नाही. वर केली असती तर डोळे दिसले असते.

संध्याकाळी तो हत्यारं आवरत असताना पुढच्या लांब दगडासाठी ठेवलेल्या भोकातून पाण्याचा तांब्या आला.

"उद्या लवकर ये."

"आत येऊ, आबा?"

"आत कशाला? आतली बाजू मी धरलीये. तू तुझी सांभाळ." म्हातारा पुटपुटला, "जेवायला मात्र पुढल्या दाराने ये."