मावशीचा मसाला आणि संजूची गिटार

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आमच्या लालबागच्या चाळीत अख्ख्या मजल्यावर कर्फ्यू लावला होता. गॅलरीत झाडू मारायचा नाही, चादरी झटकायच्या नाहीत, धूप फिरवायचा नाही... कारण कपड्यांच्या दांडीला, माझ्या ड्रेसच्या शेजारी, एक गिटार सुकत होती.

गिटार म्हणजे नुसती बॉडी. सागाची, घरीच कापलेली, घासलेली आणि आता लॅकरचा शेवटचा हात मारलेली. मी इंटिरियरवाल्यांच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज काढते, त्यामुळे लाकूड आणि पॉलिश थोडंफार कळतं. गिटार मात्र ओ की ठो कळत नाही. सगळं व्हिडिओ बघून बघून... नेक, म्हणजे वरची लांब दांडी, आणि तारांचा आवाज पकडणारे पिकअप तेवढे तयार मागवले.

हा उद्योग कशासाठी, तर माझ्या धाकट्या भावासाठी. संजू ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. हळद, पूजा, वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे. गेल्या वर्षी बाइकवरून पडला आणि डाव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं शाबूत. तारा दाबायचा हात तोच, म्हणजे खेळ खल्लास.

जुनी गिटार त्याने मित्राला देऊन टाकली. आमच्याशी भांडला नाही, रडला नाही, काहीच नाही... आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. घरात टीव्हीवर गाणं लागलं तरी हा उठून गॅलरीत जायचा.

मग माझ्या डोक्यात आलं, उलटी गिटार केली तर? तारा दाबायच्या उजव्या हाताने आणि डाव्या हातात फक्त तारा छेडायची पट्टी, प्लेक्ट्रम, धरायचं. त्याला दोन बोटं पुरतात. संजूला सांगितलं तर म्हणाला, "ताई, उगाच खूळ घेऊ नकोस. मला परत पहिल्यापासून शिकायचं नाहीये." मीही हट्टी. म्हटलं, तू नको वाजवू, मी भिंतीवर टांगते, पण करणार म्हणजे करणार.

शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी सगळं सोसलं. ड्रिलची घरघर, लाकडाचा भुसा, थिनरचा वास... कोणी हूं की चूं केलं नाही. संजू मात्र रोज त्या बॉडीला वळसा घालून जायचा. बघायचा पण नाही.

तर त्या रविवारी लॅकर ओलं होतं आणि मी आत चहा टाकत होते. इतक्यात आमच्या शेजारच्या तारामावशी डंकावरून वर्षाचा मसाला कांडून घेऊन आल्या. ताजा मसाला गरम असतो, तसाच बरणीत भरला तर खराब होतो. म्हणून मावशींनी दरवर्षीसारखा गॅलरीत पेपर अंथरला आणि अख्खा डबा त्यावर पालथा केला. वर वारा सुटलेला!

मी शिंकतच बाहेर आले आणि बघते तर काय... मधाच्या रंगाच्या माझ्या बॉडीवर लालभडक मिरची बसलेली. ओल्या लॅकरमध्ये रुतून. माझं डोकंच फिरलं. "मावशी, काय केलंत हे! सांगितलं होतं ना मी!" चाळभर ऐकू गेलं असेल.

मावशींचा चेहरा एवढासा झाला. "अगो बाय माझ्या, ह्या काय झाला गो!" म्हणत त्या पदराने पुसायलाच निघाल्या.

"मावशी, हात नको लावू! पसरेल ते!"

संजू ओरडला होता. तो दारातून धावत आला आणि बॉडी दांडीवरून उतरवून छातीशी धरून उभा राहिला. टी-शर्टला लॅकर, हाताला मिरची... मावशींकडे बघून म्हणाला, "रडतेस काय? सुकल्यावर घासू, त्यात काय." आणि हसायला लागला. किती महिन्यांनी हसला तो...

लॅकर पक्कं सुकल्यावर घासायला तोच बसला. बॉडी डाव्या कोपराखाली दाबून, उजव्या हातात पॉलिश पेपर. घासता घासता मध्येच म्हणाला, "व्हॉल्यूमचं बटण इतकं जवळ का घेतलंस? माझा हात आपटणार त्याच्यावर."

मी म्हटलं, "आधी बोलायचं होतं ना, शहाण्या." एवढं बोलून आत पळाले. माझा हात आपटणार, म्हणाला होता तो... आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

पाठीमागे, पोटाला टेकते तिथे, त्याने मिरचीचे थोडे लाल ठिपके मुद्दाम ठेवलेत आणि त्यावर लॅकर मारलंय. मी म्हटलं घालवू या, तर ऐकेना.

परवा तारा चढवल्या. मावशी तपकिरी स्टूल घेऊन सगळ्यात पुढे. "वाजव बघया. माका आयकूक व्हया." आणि संजूने जे वाजवलं... देवा! इतकं भयाण मी आयुष्यात ऐकलं नाही. ऑर्केस्ट्रात लोकांना नाचवणारा माणूस, त्याला एक सूर धड निघेना. मला वाटलं, संपलं, आता ठेवून देणार. त्याने मान खाली घालून तोच सूर परत लावला. परत. परत. मावशी हलल्या नाहीत, मीही नाही.

आज सकाळी मी डबा भरत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा. उजवा हात पुढे केला. बोटांची टोकं लाल, सुजलेली. "ताई, बोटं जाम दुखतायत गं."

तारामावशी, तुमच्यावर ओरडले त्याची माफी मागते. पुढच्या वर्षी मसाला खुशाल गॅलरीत पसरा... माझ्या भावाची बोटं दुखतायत आणि मी सकाळपासून वेड्यासारखी हसतेय.